टेक्सासची बासष्ट गाणी

आयुष्यात एकदाही घोड्यावर न बसलेल्या माणसाने घोड्यांच्या मरणाचं किती दुःख करावं याला काही सुमार असतो. आमच्या घरमालकांना तो नव्हता. त्यांच्या गाण्यांत एकूण पाच घोडे मरत, आणि पाचव्याच्या वेळीही त्यांचा गळा पहिल्याइतकाच दाटून येई. हे सगळं अमेरिकेतल्या कुठल्या माळावर चालत नसे. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या एका तीन मजली घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी चालत असे. आणि घोडा मेला आहे हे खुद्द गाणाऱ्यालाच चाळीस वर्षं ठाऊक नव्हतं. ते ठाऊक करून द्यायचं पाप माझ्या हातून घडलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी पुण्याहून तिकडे, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला गेलो होतो. ब्रेकमध्ये दोष निघाला की तो का निघाला हे शोधून तक्ता भरायचा, हे माझं काम. डावीकडे दोष, मध्ये कारण, उजवीकडे परिणाम. बायको आणि चार वर्षांची मुलगी मागाहून यायच्या होत्या, त्यामुळे घर शोधत हिंडत होतो. जाहिरातीतल्या पत्त्यावर पोचलो तर दारात साठीचे एक उंच गृहस्थ उभे. डोक्यावर रुंद काठाची पांढरी हॅट, पायात टोकदार, उंच टाचांचे बूट, कमरेला बशीएवढं बक्कल आणि हातात झाडू.

त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. सिगारेट ओढता का? ड्रम वाजवता का? जिना झाडता येतो का? पहिल्या दोन प्रश्नांना मी नाही म्हटलं तेव्हा ते खूश झाले. तिसऱ्याला हो म्हटलं, पण ते त्यांना पटलं नाही. त्यांनी झाडू माझ्या हातात दिला. वरपासून खालपर्यंत जिना झाडून झाल्यावर त्यांनी कठड्यावरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आल्झो. शिकाल." आल्झो म्हणजे 'तर मग'. घर मला असं मिळालं.

त्या भागात जिना झाडायची पाळी हे फार मोठं प्रकरण असतं. केरवोखे म्हणतात तिला. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि पाटी लटकली की माणसाला ताप आला तरी चालतो, पण जिन्यावर धूळ आलेली चालत नाही. आधी कोरडं, मग ओलं, भिंतीकडून कठड्याकडे. माझ्या पाळीच्या शनिवारी मी पायरीपायरीने खाली येत असे आणि खालून घरमालक कमरेवर हात ठेवून, हॅट मागे सारून बघत असत. बायको आल्यावर तिने हा देखावा पहिल्यांदा पाहिला आणि म्हणाली, "पुण्यात कधी केरसुणीला हात लावला नाहीस. इथे मात्र टेक्सासच्या धाकाने जिने पुसतोयस." तेव्हापासून ते आमच्या घरात टेक्सास झाले. त्यांच्या समोर अर्थात आम्ही अदबीने वागत असू. ते मला 'हेर इंजिनिअर' म्हणत. हेर म्हणजे श्रीयुत. मुलगी मात्र त्यांना तोंडावर 'काउबॉय ओपा' म्हणे, काउबॉय आजोबा, आणि ते त्यांना फार आवडे.

टेक्सास टेक्सासला कधी गेलेले नव्हते. अमेरिकेलाच गेलेले नव्हते. एकदा मी विचारलं, "का हो? आता तर निवृत्त झालात, वेळही आहे."

"कशाला?" ते म्हणाले. "तिकडे त्यांनी सगळं बिघडवून ठेवलंय. जपलंय ते आम्ही."

आम्ही म्हणजे ते एकटेच. कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं जुनं गाणं, आणि टेक्सासच्या मते ते त्यांच्या तरुणपणी होतं तिथेच थांबायला हवं होतं. साधी गिटार, व्हायोलिन आणि मांडीवर आडवी घेऊन वाजवायची ती रडकी गिटार, एवढी तीन वाद्यं त्यांना मान्य होती. "ज्याला प्लग लागतो ते वाद्य नव्हे," असं ते म्हणत, "तो मिक्सर." मग मायक्रोफोनला प्लग लागतो त्याचं काय, असं मी एकदा खोचकपणे विचारलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मायक्रोफोन वाजत नाही. तो ऐकतो." लॅपटॉपवर तयार साथ लावून गाणारं एक जोडपं त्या काळात आसपासच्या जत्रांत फार चालू लागलं होतं. त्या दोघांचा विषय निघाला की टेक्सास उठून खिडकी उघडत.

घराचे नियम त्यांनी स्वतः टाइप करून जिन्यात काचेखाली लावलेले होते. त्यांतला नववा नियम असा की वाद्यवादन व गायन दुपारी तीन ते पाच या वेळेतच करावे. हा नियम मोडू शकेल असा त्या घरात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे नियम लिहिणारा. पण पाचचा ठोका पडला की टेक्सास जिथे असतील तिथे थांबत. ओळीच्या मध्यात थांबत. शब्दाच्या मध्यातसुद्धा थांबत. कितीतरी गाण्यांत नायकाची आई शेवटचा श्वास घ्यायला टेकलेली असे आणि पाच वाजत. ती बिचारी दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत तशीच. माझी बायको स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून ओरडे, "अरे, तिला मरू तरी द्या!"

दर शनिवारी त्यांचा कुठेतरी कार्यक्रम असे. गाडीत पुढच्या सीटवर गिटार बसे, पट्टा लावून. मालकीणबाई मागे बसत, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन. मी एकदा मालकीणबाईंना म्हटलं की तुम्ही पुढे बसत जा ना. त्या म्हणाल्या, "मागे पाय लांब करता येतात. आणि तिला गाडी लागते." बाई बोलायला अशा. चेहऱ्यावरून त्या चेष्टा करताहेत की नाही याचा पत्ता लागत नसे.

त्यांची सगळी कारकीर्द मला त्यांनी जिना झाडता झाडता सांगितली, दर वेळी दोन-तीन पायऱ्या याप्रमाणे. एकोणिसाव्या वर्षी ते गाड्यांच्या सीटा शिवायचं काम शिकत होते. जवळच अमेरिकन सैनिकांची छावणी होती. तिथल्या क्लबातल्या खुर्च्या उसवल्या म्हणून यांना दुरुस्तीला पाठवलं. खुर्ची शिवता शिवता यांनी कोपऱ्यात कुणा सैनिकाला गाताना ऐकलं. "सुई माझ्या बोटात गेली आणि मला कळलंही नाही," असं ते सांगत, आणि डाव्या हाताचं ते बोट दाखवत. पुढचे सहा महिने त्या क्लबातल्या खुर्च्या वारंवार का उसवत होत्या हे छावणीत कुणालाच उमगलं नाही. मग ते स्वतःच तिथे गाऊ लागले. पुढे सैनिक कमी झाले, क्लब बंद पडला, आणि टेक्सास बागवाल्यांच्या मंडळात, अग्निशमन दलाच्या मेळाव्यात, ट्रॅक्टरच्या दुकानाच्या उद्घाटनाला गाऊ लागले. दिवसा कारखान्यात स्पोर्ट्स गाड्यांच्या सीटा शिवायच्या, शनिवारी गायचं. कारखाना चौतीस वर्षांनी सुटला, गाणं चाळीस वर्षं चाललं. एक तबकडीही काढली होती. ती आम्हाला भेट मिळाली. नंतर पुन्हा एकदा मिळाली. ख्रिसमसला तिसऱ्यांदा मिळाली.

पण या सगळ्यात एक गोष्ट कधी निघालीच नव्हती, ती म्हणजे टेक्सासना इंग्रजी येत नव्हतं. 'थँक यू', 'वन मोअर' आणि 'बिअर' एवढ्यावर त्यांचं भागत असे. गाणी त्यांनी कानाने उचलली होती आणि कानाला जशी ऐकू आली तशी जर्मन अक्षरांत एका जाड वहीत लिहून ठेवली होती. वहीचे भाग तीन : दुःखी, फार दुःखी आणि जलद.

एके दिवशी तीच वही घेऊन ते वर आले. हॅट हातात होती, म्हणजे काम गंभीर होतं. एरवी ती फक्त चर्चमध्ये आणि टॅक्सच्या कचेरीत उतरत असे.

"हेर इंजिनिअर, तुम्हाला इंग्रजी येतं."

"येतं," मी म्हटलं. हे मी जरा जास्तच ठसक्यात म्हटलं असणार, कारण बायकोने आतून डोकावून पाहिलं.

"बागवाल्यांच्या मंडळात माझा चाळीस वर्षांचा कार्यक्रम ठरलाय. तरुण मंडळी म्हणतात, प्रत्येक गाण्याआधी दोन शब्द सांगा, गाणं कशाबद्दल आहे ते." त्यांनी वही पुढे केली. "आल्झो, कशाबद्दल आहेत ती?"

मी हुरळलो. जर्मनीत पाय ठेवल्यापासून मला सगळे काही ना काही शिकवत होते. बेकरीतली बाई पावाचं नाव कसं उच्चारायचं ते शिकवे, शेजारी कचऱ्याचे डबे शिकवत. मलाही कुणाला काही समजावून सांगता येईल असा हा पहिलाच प्रसंग होता. पंधरा दिवस मी ती वही घेऊन बसलो. मोठ्याने वाचायचं, कान टवकारायचे, आणि मग एकदम आतलं इंग्रजी उलगडायचं. बासष्टच्या बासष्ट गाणी मी सोडवली. आणि मग माझ्याकडून ती चूक झाली. दुसऱ्या कुणी साध्या माणसाने गोष्टी सांगितल्या असत्या. मी तक्ता केला. कंपनीत करतो तसा.

'गाणे ७. दोष : गायक तुरुंगात. कारण : एका इसमास गोळी घातली. परिणाम : आई रडते.'

'गाणे ११. दोष : घोडा मृत. कारण : नमूद नाही. परिणाम : गायक पायी.'

माझं जर्मन त्या वेळी बेताचं होतं, आणि बेताच्या जर्मनमध्ये दुःखाला मऊपणा देता येत नाही. सतरावं गाणं माझ्या अजून लक्षात आहे : 'दोष : गायक बायकोला सोडून जातो. कारण : दुसरी बाई. परिणाम : गायकास पश्चात्ताप नाही.' तक्त्याला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि मोठ्या अभिमानाने खाली नेऊन दिला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तळघरातून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. बायको म्हणाली, "तब्येत बरी नाही का त्यांची?" मी खाली गेलो. टेक्सास स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझा तक्ता पुढ्यात घेऊन बसले होते. माझ्या तीन रकान्यांपुढे त्यांनी पट्टीने रेघ मारून चौथा रकाना आखला होता. मथळा होता, 'खरे आहे का?' आणि त्याखाली पेन्सिलीने नाही, नाही, नाही.

"साडेतीन," ते म्हणाले.

"काय साडेतीन?"

"बासष्टांतली साडेतीन गाणी खरी आहेत. एक पावसाबद्दल आहे. पाऊस मी पाहिलाय. एक आईच्या पावाबद्दल, एक पहाटे उठून कामावर जाण्याबद्दल. आणि एकात कुत्रा हरवतो. आमच्याही गल्लीत हरवला होता, पण तो शेजाऱ्यांचा. म्हणून अर्धं." त्यांनी चष्मा काढला. "मी कधी तुरुंगात गेलो नाही, हेर इंजिनिअर. कुणाला गोळी घातली नाही. आयुष्यात टॅक्सचा एक कागद खोटा भरला नाही. आणि चाळीस वर्षं मी दर शनिवारी लोकांच्या तोंडावर उभा राहून खोटं बोललो."

मी समजावून पाहिलं. म्हटलं, गाणं म्हणजे काही साक्ष नव्हे. म्हटलं, आमच्याकडे गणपतीला तुम्ही आला होतात ना? वीस माणसं घसा फोडून आरत्या म्हणत होती, त्यांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ आमच्यापैकी कुणाला सांगता आला असता?

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "पण तुमच्या देवाला अर्थ कळतो ना? मग ठीक आहे. माझ्या समोर देव नसतो, पेन्शनर असतात."

मंडळाला कार्यक्रम रद्द केल्याचं पत्र शुक्रवारी टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. गिटार संगीतशाळेला देऊन टाकायची होती. ती पेटीत बंद होऊन दाराशी उभीसुद्धा होती. मी वर आलो आणि जेवलो नाही. एका माणसाचं सगळं आयुष्य मी दोष-कारण-परिणाम करून बंद पाडलं होतं, आणि ते करताना मला कौतुकाची अपेक्षा होती, याची मला फार लाज वाटली.

बुधवारी दुपारी मालकीणबाई वर आल्या. खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "फ्राऊ इंजिनिअर, तो माझी माफी मागतो. सकाळी कॉफीबरोबर एकदा, संध्याकाळी एकदा. चाळीस वर्षांत बूट घालून गालिच्यावर आल्याबद्दलही मागितली नव्हती. मला एक सांगा, या वयात त्याचं कुठे काही असेल का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग मला सतरावं गाणं सांगावंच लागलं. ते त्यांचं दोघांचं गाणं निघालं. भेटले त्या दिवशी त्यांनी ते गायलं होतं, आणि तेव्हापासून बाईंच्या प्रत्येक वाढदिवसाला स्वयंपाकघरात उभं राहून गात आले होते. मी दुसऱ्या बाईबद्दल सांगितलं. पश्चात्ताप नाही हेही सांगितलं. बाईंचे खांदे हलू लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की बायकोने त्यांना पाणी आणून दिलं.

"मला इंग्रजी येत नाही," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण तो गाताना माझ्याकडे बघतो, ते मला येतं." मग त्यांचं हसू संपलं. "त्याच्या गाण्यावर मी इस्त्री करते. तीन ते पाच. आता खाली इतकं शांत असतं की मला इस्त्रीचीच भीती वाटते. तुम्ही त्याला सांगा."

"काय सांगू?"

"की तुमचं इंग्रजी कच्चं आहे. तक्ता चुकलाय."

आता माझं इंग्रजी म्हणजे काय हे मला इथे सांगायला हवं. शाळेत इंग्रजी वक्तृत्वाचा कप मी तीनदा घरी आणला आहे. कंपनीतली जर्मन मंडळी परदेशी पत्रं पाठवण्याआधी माझ्याकडून तपासून घेत. जर्मनमध्ये मी अजून नामांच्या लिंगांत धडपडत होतो. मुलगी माझ्याशी जर्मनमध्ये बोलायची आणि माझ्या उत्तरातल्या चुका दुरुस्त करायची. त्या देशात भाषेच्या बाबतीत माझी एकच अब्रू शिल्लक होती, आणि ती ही बाई माझ्याकडे मागत होती.

"अरे, सांगून टाक," बायको म्हणाली. "ते काही तुझ्या शाळेत फोन करून विचारणार नाहीयेत."

गुरुवारी तीन वाजता मी खाली गेलो. हातात नवा तक्ता होता, रकाने मात्र अजून कोरे. वर लिहिलं होतं : 'सुधारित आवृत्ती. आधीची आवृत्ती रद्द. बदलाचे कारण : अनुवादकाचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान.' खाली माझी सही. कंपनीत असे कागद मी शेकड्यांनी केले होते, पण सही करताना हात जड झाला तो तेवढ्या एकाच वेळी.

टेक्सासनी मथळा दोनदा वाचला. "पण तुम्ही ऑफिसात इंग्रजीत बोलता ना?"

"लोक समजून घेतात," मी म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मग जुना तक्ता शेजारी ओढून पेन्सिल घेतली. "सात. तुरुंग?"

"तिकडच्या खेडवळ बोलीत कारखान्याला तसं म्हणतात."

"चौतीस वर्षं," ते म्हणाले आणि बरोबरची खूण केली. "गोळी घातली?"

"सुई. सुई टोचली."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. "आई रडते?"

"रक्त बघून."

"रडली होती," ते म्हणाले. "पुढे. अकरा. घोडा?"

"मोपेड."

"माझी होती. निळी. मरते म्हणजे?"

"इंजिन जाम."

"फॉयरबाखच्या चढावर," टेक्सास म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "पुढे पायी. बरोबर आहे, हेर इंजिनिअर, पायीच आलो होतो."

असं आम्ही एकेक गाणं घेतलं. अमेरिकेतल्या सगळ्या नद्या मी श्टुटगार्टच्या नेकार नदीत आणून सोडल्या. दरोडेखोराला टॅक्सवाला केलं. वाळवंटाचं काही जमेना, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "उन्हाळ्यात बागेचं पाणी बंद केलं होतं ते असेल," आणि मी म्हटलं, "गेनाऊ, तेच." पाच वाजायला दहा मिनिटं असताना सतरावं उरलं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आणि या गाण्याला वरून निघताना मी जे उत्तर ठरवलं होतं ते त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला साफ आठवेना.

"दुसरी बाई," त्यांनी वाचलं. पेन्सिल टेबलावर ठेवली. "कोण ती?"

इस्त्रीच्या टेबलाशी मालकीणबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. इस्त्री हलत नव्हती.

"गिटार," मी म्हटलं. "दुसरी बाई म्हणजे गिटार. तिच्यासाठी तो दर शनिवारी घर सोडून जातो."

"आणि पश्चात्ताप नाही?"

"नाही."

त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या पेटीकडे पाहिलं. मग टेक्सास हळूच म्हणाले, "हे मात्र अगदी खरं आहे." त्यांनी बरोबरची खूण केली, उठले, दाराशी जाऊन पेटी उघडली. घड्याळात पाचला चार मिनिटं होती. तेवढ्या चार मिनिटांत मावेल असं एक जलद गाणं त्यांनी निवडलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. माझ्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन सार्जंट बसले होते. छावणी संपल्यावर इथल्याच मुलीशी लग्न करून राहिलेले. त्यांना दोन्ही भाषा उत्तम येत होत्या, हे मला उशिरा कळलं. टेक्सास मंचावर आले, हॅट सारखी केली आणि तक्ता उघडून म्हणाले, "पहिलं गाणं एका निळ्या मोपेडबद्दल आहे." गाणं सुरू झालं, पहिल्या ओळीत घोडा आला, आणि सार्जंटसाहेबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आमच्याशिवाय तिथे नव्याने परदेशातून आलेलं कुणी दिसत नव्हतं, त्यामुळे संशय माझ्यावरच आला.

"मोपेड?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"खेडवळ बोली," मी पुटपुटलो.

ते मंचाकडे बघत म्हणाले, "मी तिथल्याच खेड्यातला. बरोबर आहे. आम्ही मोपेडच म्हणायचो." आणि पुढची सगळी संध्याकाळ, टेक्सासनी काहीही सांगितलं की ते मोठ्याने "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", म्हणून दाद देत होते. कारखान्याला दिली, बागेच्या पाण्याला दिली.

शेवटी टेक्सासनी हॅट काढून खुर्चीवर ठेवली. तक्ता मिटला. "हे गाणं," ते म्हणाले, "माझ्या बायकोसाठी आहे. चाळीस वर्षं ती गाडीत मागे बसली." एवढंच म्हणाले. त्या गाण्यात एक माणूस बायकोला टाकून जातो हे सभागृहात निदान चार माणसांना नक्की माहीत होतं, आणि त्यांतली दोन, मी आणि सार्जंटसाहेब, शेजारी शेजारी बसून रडत होतो. पुढच्या रांगेत मालकीणबाई ताठ बसून ऐकत होत्या. मी इतकं चांगलं गाणं त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही क्वचितच ऐकलं असेल.

पुढे दोन वर्षांनी मला कार्ल्सरूहेला नोकरी मिळाली. तिकडच्या नव्या घरमालकीणबाईंना आधीच्या घरमालकाचं पत्र हवं होतं. ते मी टेक्सासकडे मागितलं. त्यांनी टाइप करून, बंद पाकिटात घालून दिलं, आणि मीही ते फोडलं नाही. सामान गाडीत भरून झाल्यावर ते दोघं जिन्यात उभे होते. मुलगी त्यांच्या बुटांना मिठी मारून रडली. मी नीट जर्मन वाक्य जुळवून आलो होतो, पण ऐन वेळी त्यातलं एक लिंगसुद्धा आठवलं नाही.

कार्ल्सरूहेच्या बाई कडक होत्या. त्यांनी चष्मा लावून माझ्यासमोरच पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं : भाडं वेळेवर. स्वभाव शांत. जिना आता बरा झाडतात. मग त्या थांबल्या, पुढची ओळ आधी मनात वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग सावकाश वाचली.

'त्यांचं इंग्रजी फार वाईट आहे. त्यासाठी मी व माझी पत्नी त्यांचे जन्मभर ऋणी राहू.'

"हे मला कळलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं इंग्रजी खरंच इतकं वाईट आहे?"

"हो," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी दुसरं काही कबूल केलं नसेल. "फारच वाईट आहे."